गाइडला एकदा मागून पोहू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कूबा डायव्हिंगवर लेख आला होता. प्रशिक्षणाचं कार्ड हातात आल्यावरही गाइडचे पैसे भरायचे, म्हणजे सायकल शिकल्यावरही मागची दोन छोटी चाकं तशीच ठेवायची, असं लेखकाचं म्हणणं. पुढच्या रविवारी एका वाचकाचं उत्तर छापून आलं: गाइडशिवाय पाण्यात उतरण्यावर सरसकट बंदी घाला. दोन्ही वाचून मी सकाळी चहाच्या वेळी बराच वेळ बडबडलो. बायको म्हणाली, ‘‘मग पेपरवाल्यांना लिहा ना, मला काऊन सांगून राहिले?’’ म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, फक्त आकडे कापू नका.

नागपूरच्या माणसाने समुद्रावर बोलावं याचं काहींना हसू येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा, तेही काठावर बसून कणीस खायला. तेव्हा आधी माझी हजेरी लावतो. वय 63. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलर विभागात 31 वर्षं काढली. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीच्या नादाने 57व्या वर्षी ओपन वॉटरचं, म्हणजे पहिल्या पायरीचं, कार्ड घेतलं; फॉर्मवर डॉक्टरची सहीही घेतली. आजपर्यंत 47 डाइव्ह झाल्या. प्रत्येकीची नोंद वहीत आहे, कारण शिफ्ट संपताना लॉगशीट भरायची सवय हाडात मुरलेली. म्हणजे मी अगदी नवखाही नाही आणि तज्ज्ञ तर मुळीच नाही. या वादात नेमक्या अशाच मधल्या माणसाला कोणी विचारत नाही.

नवख्यांबद्दल फार लिहीत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पहिल्यांदा उतरलो, तेव्हा माझ्या मागे एक माणूस माझं सिलिंडर धरून होता. तरंगायला फुगवायच्या जॅकेटमधली हवा तो भरत होता, सोडतही तोच होता. माझं काम दोनच: श्वास रोखायचा नाही आणि दुखलं तर कानाकडे बोट दाखवायचं. तिथे गाइड हवा की नको हा प्रश्नच नाही. तो डायव्हर, आपण त्याचं सामान. अशा अनुभवासाठी 12 मीटरची मर्यादा असते आणि मालवणला त्याच्या निम्म्यातही काम भागतं.

खरा घोळ कार्ड मिळाल्यावर सुरू होतो. ओपन वॉटर कार्डाचा अर्थ असा: 18 मीटरपर्यंत, जोडीदारासोबत, ज्या पाण्यात शिकलात तशाच पाण्यात तुम्ही गाइडशिवाय उतरू शकता. ‘गाइडशिवाय’ म्हणजे ‘एकटे’ नव्हे. आपल्या लेखकाने हे दोन्ही एकच धरलं आहे. एकट्याने उतरण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, त्याला आधी 100 डाइव्ह लागतात आणि हवेचा दुसरा, पूर्ण वेगळा साठा सोबत ठेवावा लागतो. स्वतंत्र डाइव्ह म्हणजे दोघांनी मिळून बेत आखायचा आणि दोघांनी मिळून परत यायचं.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? तीन-चार दिवसांत कार्ड मिळतं आणि त्यानंतरची प्रत्येक डाइव्ह बोटीवरून, गाइडच्या मागे. किट बोटीवरची पोरं जोडून ठेवतात. कुठे उतरायचं, किती खोल जायचं, कधी वळायचं, वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं कधी थांबायचं, सगळं गाइड ठरवतो. आपण त्याच्या पायातले पिवळे फिन्स बघत पोहतो. मी अशा 22 डाइव्ह केल्या आणि लग्नसमारंभात लोकांना ‘मी डायव्हर आहे’ असं सांगत फिरलो. आमच्या प्लांटला कॉलेजची पोट्टी यायची. त्यांना हेल्मेट द्यायचो, कंट्रोल रूम दाखवायचो, कँटीनचा चहा पाजायचो. बावीस वेळा हेल्मेट घालून आलेला माणूस ऑपरेटर होतो का? होत नाही. तो बावीस वेळा आलेला व्हिजिटर असतो.

हे मला 23व्या डाइव्हला कळलं. अंदमानात, स्वराज द्वीपला, ज्याला अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. आम्ही सहा जण आणि गाइड एक. मुलगी पुढच्या जोडीत होती. माझा जोडीदार बंगळुरूचा एक तरुण. बोटीवर हात मिळवला आणि दहा मिनिटांत मी त्याचं नाव विसरलो. तो माझं विसरला असणारच. 16 मीटरवर एका खडकाच्या कपारीत लायनफिश होता, सगळे काटे पसरून, नवरीच्या शेल्यासारखा. मी थांबलो. मास्कमध्ये धुकं धरलं होतं, ते पाणी घेऊन साफ केलं. मान वर केली तर समोर कोणी नाही. बुडबुडेसुद्धा नाहीत.

एवढंच झालं. कोणी मेलं नाही, काही फुटलं नाही. पण तेव्हा माझ्याकडे काय होतं आणि काय नव्हतं ते सांगतो, कारण वाद त्यावरच आहे. हवेच्या काट्यावर 90 बार होते, भरलेल्या सिलिंडरला 200 असतात. कोर्समधला नियम आठवला: एक मिनिट आजूबाजूला बघा, नाही दिसले तर सावकाश वर या. मिनिट मोजलं. मग लक्षात आलं की बोट कोणत्या बाजूला आहे याची मला कल्पनाच नाही. प्रवाह कुठून कुठे वाहतोय हे उतरल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. वर निघालो. पाच मीटरवर थांबायचं तर धरायला दोर नाही, समोर खडक नाही, चहूकडे नुसतं निळं. कधी तीनवर जायचो, कधी सातवर यायचो. गाइडच्या मागे तरंगणं वेगळं आणि एकट्याने एका जागी थांबणं वेगळं, हे तिथे, त्या निळ्यात, माझ्या 58व्या वर्षी कळलं. भैताडासारखा हात हलवत होतो, त्यानेच हवा भराभर संपत होती.

वर आलो तर बोट लांब, आणि तोंड दुसरीकडे. जॅकेट फुगवलं, शिट्टी फुंकली. वाऱ्यात शिट्टी आपल्यालाच ऐकू येते. बोटीला दिसावं म्हणून पाण्यातून उभी करायची ती फुगणारी लांब नळी, एसएमबी म्हणतात तिला, आमच्यात फक्त गाइडकडे होती. पंधरा मिनिटं लागली बोटीला यायला. तोवर मी बायकोला काय सांगायचं याचे तीन वेगवेगळे मसुदे तयार केले. त्यातला एकही वापरला नाही. मुलीनेच फोन करून सगळं सांगितलं.

गाइड म्हणाला, ‘‘काका, पीछे देखा तो आप थे नहीं.’’ बिचारा घाबरलेला होता. मी त्याला दोष देत नाही. सहांमधले दोघे त्या दिवशी पहिल्यांदाच कार्ड घेऊन उतरले होते, त्याचे डोळे त्यांच्यावर होते. माझ्यावर नव्हते, कारण बोटीवर मी छाती काढून 22 सांगितले होते. त्या आकड्यावर विश्वास ठेवून त्याने मला शेपटीला ठेवलं. म्हणजे चुकीची माहिती मीच दिली होती, खरा आकडा सांगून.

बॉयलरच्या ड्रममध्ये उतरायचं तर आमच्याकडे परमिट लागायचं. आत जाणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये, मॅनहोलवर बाहेर एक माणूस, आणि आतला बाहेर आल्याशिवाय त्याचं नाव खोडायचं नाही. मी कितीतरी वर्षं त्या बाहेरच्या माणसाच्या जागी बसलो आहे. तरी त्या बोटीवर कोण मोजतंय, हे मी विचारलं नाही. 1998च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मोजणी चुकली आणि एक अमेरिकन दांपत्य समुद्रातच राहिलं. दोन दिवसांनी त्यांचं सामान बोटीवर पडलेलं दिसलं, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. ती दोघं नवखी नव्हती. गाइड हवा की नको यावर भांडण्याआधी बोटीवर रजिस्टर कोणाच्या हातात आहे ते बघा, अशी माझी बॉयलरवाल्याची समजूत आहे.

घरी येऊन वही काढली. इथून पुढे आकडे आहेत. आमच्या 210 मेगावॅटच्या युनिटमध्ये ड्रमचं प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास. आपल्या पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दोनशे पट. सिलिंडर साधारण 11 लिटरचं, म्हणजे हवा 2200 लिटर. त्यातले 50 बार, म्हणजे 550 लिटर, बोटीवर परत न्यायचेच. उरले 1650. दर 10 मीटरला समुद्राच्या पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणून 18 मीटरवर दाब 2.8 पट आणि श्वासाला लागणारी हवाही 2.8 पट. माझा खप तेव्हा वर जमिनीवर धरला तर मिनिटाला 24 लिटर होता. 18 मीटरवर 67. म्हणजे माझ्याकडे 25 मिनिटंसुद्धा नव्हती. मुलीचा खप 14 लिटर, तिला 42 मिनिटं. गटात गेलं की सगळ्यांची डाइव्ह माझ्यामुळे लवकर संपायची आणि गाइड मोठ्या मनाने कारण सांगायचा की आज प्रवाह बरा नाही! 23 डाइव्हपर्यंत हा साधा हिशेब मी केला नव्हता. कारण गाइड दर दहा मिनिटांनी विचारायचा, मी बोटांनी आकडा दाखवायचो, आणि पुढचा विचार तो करायचा. मी 31 वर्षं प्रेशर गेज वाचून पगार घेतला आणि पाठीवरचा काटा दुसऱ्याला वाचून दाखवत होतो.

पुढचं वर्ष नागपुरातच सराव केला. हसू नका. एका क्लबच्या तलावात, डीप एंडला, ओळखीच्या प्रशिक्षकाला धरून ती नळी फुगवून वर सोडायला शिकलो. पहिल्या वेळी नळीच्या दोरीचं रीळ हातात अडकलं आणि नळीसोबत मीही वर. म्हणून तर हे आधी तलावात शिकायचं. होकायंत्राचा सराव आमच्या ले-आउटच्या मैदानात, संध्याकाळी, डोक्यावरून दुपट्टा घेऊन. खाली फक्त होकायंत्र दिसेल असा. 30 पावलं जायचं, 180 अंश वळायचं, 30 पावलं परत. मग चौकोन. जमिनीवर असाच सराव करायला शिकवतात, माझा शोध नाही. दुपट्ट्याचं नागपुरात कोणाला काही वाटत नाही, उन्हाळ्यात सगळेच गुंडाळतात. पण दिवे लागल्यावर दुपट्टा घेऊन चौकोनात चालणारा माणूस बघून शेजारच्यांनी विचारलंच, ‘‘काय हरवलं हो?’’ पहिले आठ दिवस चौकोन पुरा व्हायचा नाही, एका कोपऱ्यात सुरू करून लिंबाच्या झाडावर जाऊन आदळायचो.

मग बालीला गेलो, मुलगी आणि मी. तुलांबेनला किनाऱ्यापासून अगदी जवळ ‘लिबर्टी’ नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज बुडालेलं आहे. 1918 सालचं जहाज. जानेवारी 1942मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटलं, ते ओढून किनाऱ्याला लावलं, आणि 1963मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. पाच मीटरपासून तीसपर्यंत उतारावर आडवं पडलं आहे. चालत पाण्यात शिरायचं, चालत बाहेर यायचं. बोटीचा प्रश्न नाही. आमच्यासारख्यांना याहून चांगली शाळा नाही.

पहिल्या दिवशी गाइड घेतला आणि त्याला सांगितलं, आज तू मागे राहा. पुढे आम्ही. आम्ही चुकलो तरच पुढे ये. त्याला आधी कळेना, पैसे देऊन मागे का ठेवतात. मग हसला. बेत आम्ही किनाऱ्यावर पाटीवर लिहिला: किती खोल, 120 बारला वळायचं, कोणत्या बाजूने परत. तो एकदाच पुढे आला, मी उताराकडे जास्तच खाली जात होतो तेव्हा. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच. खरं सांगतो, दिसलं कमी. आदल्या दिवशी गाइडने नखाएवढे प्राणी एकेका फांदीवर बोट ठेवून दाखवले होते. आम्हाला आमचे आम्ही एकही सापडले नाहीत. पण मला प्लेटचे जोड बघायचे होते, गंजलेल्या लोखंडाला फुटलेली पोवळी बघायची होती, ती मनसोक्त बघितली. मुलगी वर आल्यावर म्हणाली, बाबा, आज तुम्ही सात वेळा माझा काटा विचारला. मी म्हटलं, कोणीतरी विचारायला नको का?

तिसऱ्या दिवशी बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर गेलो आणि गाइडला पुढे घातलं, एक शब्द न बोलता. तिथला प्रवाह माणसाला खालीही ओढतो, आणि कोणत्या वेळी कुठे ते तिथल्याच माणसाला माहीत. आमच्या बोटीवर पाचशे डाइव्ह झालेला एक जर्मन गृहस्थ होता, तोही गुपचूप गाइडच्या मागे. लेखकमहाशयांच्या छोट्या चाकांच्या उपमेत हे कुठे बसतं? त्याच माणसाने तुलांबेनला गाइड घेतला नसता. गाइडची गरज त्याच्या कार्डावरून ठरली नाही, त्या दिवशीच्या पाण्यावरून ठरली.

आणि बंदी मागणाऱ्या वाचकांना: ताडोब्यात गाइडशिवाय जिप्सी आत सोडत नाहीत, चाळीस वेळा गेलेल्यालाही नाही, आणि ते योग्यच आहे. पण तिथे आपण गाडीत बसलेलो असतो. पाण्याखाली श्वास आपला, जॅकेट आपलं, कान आपले. गाइड सक्तीचा करून माणूस स्टेअरिंगवर बसायचा थांबत नाही, फक्त रस्त्याकडे बघायचा थांबतो. माझं तेच झालं होतं.

आपल्या पेपरमधून डाइव्ह सेंटरवाल्यांपर्यंत पोचत असेल तर काही मागणं आहे. ‘किती डाइव्ह?’ एवढंच विचारू नका, ‘शेवटची कधी?’ हे विचारा. नागपूरहून येणारा माणूस वर्षातून एकदा येतो, त्याचे हात गंजलेले असतात, त्याला पहिल्या दिवशी उथळ पाण्यात उजळणी करायला लावा आणि तो चिडला तर चिडू द्या. अनोळखी दोघांची जोडी लावत असाल तर बोटीवर दहा मिनिटं त्यांना एकमेकांचं किट हाताळायला लावा. जास्तीचं रेग्युलेटर, म्हणजे अडचणीत जोडीदाराने तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन, कुठे लटकतंय हे मला त्या बंगळुरूच्या पोराबद्दल आजही सांगता येणार नाही. नळी प्रत्येक जोडीला द्या. आणि पाणी शांत असेल त्या दिवशी कार्डवाल्या जोडीला पुढे घालून गाइडला मागून पोहू द्या. पैसे पूर्ण घ्या. मी देईन, आनंदाने.

गाइडच्या पैशांवरून कुरकुरणाऱ्यांसाठी एक वाक्य: तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याची किंमत मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र गाइड असो-नसो स्वतःच सांभाळायची. आपण नागपूरकर परतीचं विमान आधी बुक करतो आणि मग डाइव्ह कोंबतो. बरेच दिवस, अनेक डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. एकच असेल तरी 12. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात दाब कमी असल्याने त्याचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, किल्ला बघा, मासे खा. मी तर 24 तास ठेवतो. बायकोला बाजार फिरायला तेवढे लागतातच.

आपला,
एक निवृत्त बॉयलर कर्मचारी, मनीषनगर, नागपूर
(नाव छापू नये. ले-आउटमध्ये आधीच पुरेसं झालं आहे.)

ता. क. आपल्या लेखात तीन ठिकाणी ‘ऑक्सिजनचं सिलिंडर’ आलं आहे. त्यात साधी, दाबून भरलेली हवा असते, आपण इथे घेतो तीच, 21 टक्के ऑक्सिजनवाली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन 6 मीटरच्या खाली गेलं तर झटके येऊन माणूस दगावू शकतो. दुरुस्ती छापावी.